ट्रामच्या वीजघराची व हैबतराव तुपसुंदरांची हकिकत

श्रीगजानन स्मरून, ऐकणारांचे कल्याण चिंतून लिहितो ऐसीजे. शके अठराशे शहाऐंशी, क्रोधीनाम संवत्सरे, वैशाख मासी राजधानीची ट्राम बंद जाहली, आणि तिला वीज पुरविणारे दगडी सबस्टेशन निकामी पडिले. इमारत बुलंद, भिंती दोन हात रुंद, आणि आत तीन यंत्रे हत्तींऐसी बसलेली. त्यांची निगा हैबतराव तुपसुंदर बावीस वर्षे राखीत होते. ट्राम गेली तैसे सर्व चाकर घरी गेले, परंतु हैबतरावांस जाण्याचा हुकूम लिहावयास दरबार विसरला. मग हैबतराव राहिले. त्यांनी नित्य यंत्रे पुसावी, तेल घालावे, आणि कुटुंब चंद्रभागाबाई यांनी थोरल्या यंत्रावर सांडगे वाळवावे, ऐसी सात वर्षे गेली.

पुढे दरबाराने मनी आणिले की इमारत पाडावी आणि तेथे मोटारी उभ्या कराव्या. कामगिरी टिपरे कारभारी यांस सांगितली. ते चाळीस मजूर, घण आणि पहारी घेऊन चालून आले. हैबतराव दारात आडवे जाहले आणि बोलिले, "सरकार, आत खुशाल जावे, परंतु घरी निरोप धाडून जावे. आत वीज जिवंत आहे."

टिपरे गरजले, "ट्राम बंद होऊन सात वर्षे जाहली!"

"ट्राम गेली, सरकार. वीज रुसून आत बसली."

हे ऐकताच मजुरांनी पहारी खाली ठेविल्या, आणि टिपरे यांस अकस्मात दुसरे काम आठवले. मग त्यांनी खातरजमेस इंजिनेर वसुधाताई कर्णिक यांस आणविले. ताई एकट्या हैबतरावांस घेऊन आत गेल्या, चहूकडे पाहिले आणि हळूच बोलिल्या, "काका, बाहेरची तार कापलेली आहे. येथे डास मरावयाजोगी वीज नाही."

"ठाऊक आहे, ताई. हुकमावरून मीच कापिली."

"मग खोटे का बोललात?"

हैबतरावांनी यंत्रावर हात ठेविला. "याच्या बळावर अवघे शहर घरी पोहोचत होते. यास घण लागलेला माझ्याने पाहवणार नाही."

ताईंनी यंत्र पाहिले, तो त्यात आपलेच मुख दिसले. मग बाहेर आल्या. टिपरे यांनी पुसिले, "वीज आहे की नाही?"

ताई बोलिल्या, "मी सांगण्यापेक्षा आपण हात लावून पाहावा."

टिपरे दोन पावले पुढे गेले, आणि चार मागे आले. मग तेथेच उभ्याने हुकूम लिहिला की इमारत अति प्राचीन व मोलाची, सबब कोणी हात लावू नये, आणि तुपसुंदरांनी आमरण राखावी.

येणेप्रमाणे वीजघर वाचले. यंत्रे अद्याप चकाकतात, लांबलांबून लोक पाहावयास येतात. टिपरेही सहकुटुंब येऊन गेले. ते मात्र दारातूनच पाहते जाहले. घडले तैसे लिहिले, अधिक उणे शहाण्यांनी सावरून घ्यावे.