एका ओळीचं ठिगळ

जी वस्तू सर्वांच्या मालकीची असते, तिची काळजी वाहायला माणसं पुष्कळ मिळतात. फक्त तिला हात लावायचा म्हटलं की रांग लागते, आणि रांगेत पुढे उभे असलेले लोक काम करायला नव्हे, तर रांग सरळ आहे ना हे बघायला उभे असतात. हे गावच्या विहिरीला लागू आहे, देवळाच्या सभामंडपाला लागू आहे आणि 'लिपा'लाही लागू आहे.

लिपा ही संगणक चालवणारी ऑपरेटिंग सिस्टीम. फुकट आणि उघडी. तिच्या पोटातली प्रत्येक ओळ कोणालाही वाचता येते, आणि चूक दिसली तर कोणालाही ती सुधारून पाठवता येते. 'कोणालाही' हा शब्द लिपाच्या नियमावलीत ठळक अक्षरात आहे. (त्यापुढचं सगळं बारीक अक्षरात.) अशा सुधारणेला ते लोक पॅच म्हणतात. मी लग्न करून बल्गेरियातल्या रूसेत आले त्याला आता जमाना झाला, पण मला अजून त्याला ठिगळच म्हणावंसं वाटतं. जगभरातली हजारो शहाणी माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे ठिगळकाम करतात, कोणाकडून दमडी घेत नाहीत, आणि लिपाच्या देखभाल मंडळाच्या स्वतःच्या अंदाजाप्रमाणे आलेली बहुतेक सर्व ठिगळं शेवटी स्वीकारली जातात, पाठवणारा हयात असल्यास.

आमच्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर बाय क्रुम राहतात. ('बाय' म्हणजे आपल्याकडचं 'अण्णा'. बाईशी संबंध नाही.) तरुणपणीच त्यांची दृष्टी गेली. नदीपलीकडे रुमानियात, जुर्जूला, ज्या बियाण्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या कंपन्या आहेत, त्यांची रुमानियन माहितीपत्रकं ते बल्गेरियनमध्ये आणतात. त्यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिपा आहे, आणि लिपात एक बाई आहे, जी पडद्यावर असेल ते सगळं सपाट आवाजात, भरधाव वाचून दाखवते, विरामचिन्हांसकट. बाय क्रुम तिला मावशी म्हणतात. मावशी बोलते म्हणून त्यांचं घर चालतं.

एका वसंतात लिपाची नवी आवृत्ती आली, अधिक सुंदर, अधिक वेगवान आणि अधिक लोकाभिमुख. त्यानंतर लॅपटॉपचं झाकण लावून पुन्हा उघडलं की मावशी गप्प. पूर्ण बंद करून सुरू करावा, तर मध्ये लॅपटॉप काय विचारतोय हे सांगायला मावशीच लागते. बाय क्रुम कॉफी करायला उठायचे, परत यायचे आणि मुकाट झालेल्या लॅपटॉपपुढे हात मांडीवर ठेवून बसायचे. एक ट्रॅक्टर कंपनी त्या वसंतातच हातची गेली. शिवाय गावातल्या अंधसंघाच्या वाचनालयाला एका बँकेने याच जातीचे बरेच जुने लॅपटॉप दान दिले होते. तेही सगळे एकदम मुके झाले.

मधल्या मजल्यावर इस्क्रा राहते. बंदरावरच्या कचेरीत कोणतं तराफा-जहाज कधी लागेल याचा प्रोग्राम ती लिहिते. हुशार, तापट, आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. ती वर गेली आणि बाय क्रुमनी सरमी, म्हणजे कोबीच्या पानात गुंडाळलेला भात, गरम करेपर्यंत तिला कारण सापडलंसुद्धा. झोपताना लॅपटॉप आवाजाचा भाग बंद करत होता आणि जागा होताना तो फक्त नव्या मॉडेलांसाठीच पुन्हा चालू करत होता. जुन्या मॉडेलचं नाव यादीत घालायला कोणी तरी विसरलं होतं. इस्क्राने एक ओळ घातली. झाकण लावलं, उघडलं.

"बॅटरी अठ्ठ्याहत्तर टक्के, स्वल्पविराम, चार्जर जोडलेला नाही," मावशी म्हणाली.

बाय क्रुमनी स्वतः झाकण लावलं आणि उघडलं. मग पुन्हा. सरमी तशीच राहिली.

पण लिपा ही काळजी घेणारी सिस्टीम आहे. सुरक्षेसाठी ती वरचेवर स्वतःला अद्ययावत करते आणि त्या धुण्यात इस्क्राचं ठिगळ दर वेळी वाहून जायचं. मग इस्क्रा पुन्हा वर जाऊन ते शिवायची. (वाचनालयातल्या तेवढ्या लॅपटॉपांना दर वेळी शिवत बसणं शक्यच नव्हतं.) तिची काही तक्रार नव्हती. बाय क्रुमची होती.

"पोरी, तू येतेस ते मला आवडतं," ते एकदा म्हणाले. "पण तू आलीस म्हणून मावशी बोलते, हे मला आवडत नाही. उद्या तू वार्नाला गेलीस, नवरा केलास, नाही तर रुसलीस..."

"मी रुसत नाही."

"ईस्टरला रुसली होतीस."

यावर इस्क्राने ती ओळ लिपाच्या मंडळाकडे रीतसर पाठवायचं ठरवलं, म्हणजे ती मूळ कापडातच विणली जाईल आणि तिला वर जावं लागणार नाही. पाठवून झाल्यावर तिने चीज भरलेली बानित्सा भाजून घेऊन अख्ख्या जिन्यात वाटली. एवढ्यावरून तिला कार्यपद्धतीची माहिती नव्हती हे दिसतं.

पहिलं उत्तर यंत्राचं आलं. सदर ठिगळाचं शीर्षक विहित लांबीपेक्षा एका अक्षराने मोठं असल्याचं त्यात कळवण्यात आलं होतं. तिने एक अक्षर छाटलं. दुसरं उत्तर उर्मास यांचं. हे एस्टोनियातल्या तार्तूचे, लिपाच्या ध्वनी विभागाचे राखणदार. त्यांच्याइतका विनम्र माणूस मी पाहिलेला नाही. प्रत्येक नकाराची सुरुवात ते आभाराने करतात. शीर्षक भूतकाळात नको, आज्ञार्थात हवं, असं त्यांचं म्हणणं पडलं: 'आवाज सुरू केला' असं नव्हे, 'आवाज सुरू कर'. इस्क्राने विचारलं, मी हे कोणाला सांगतेय? उर्मास यांनी या चांगल्या प्रश्नाबद्दल आभार मानले.

नंतर स्वल्पविराम निघाला. ठिगळाच्या सोबतच्या खुलाशात 'आणि'च्या आधी इस्क्राने स्वल्पविराम दिला नव्हता. तो असावा की नसावा, यावर इतके दिवस निपचित पडलेलं मंडळ खडबडून जागं झालं. पोर्तुगालचे एक गृहस्थ बाजूने होते, न्यूझीलंडचे एक विरोधात. कोणी तरी लिपातल्या स्वल्पविरामांचा इतिहास जोडला. दोघांनी परस्परांशी बोलणं सोडलं. मूळ ओळीबद्दल मात्र एकानेही अवाक्षर काढलं नाही. (ओळीवर मत द्यायला ओळ समजावी लागते. स्वल्पविरामाला तशी अट नाही.)

शेवटी स्वल्पविराम घालण्यात आला. तेवढ्यात असं लक्षात आणून देण्यात आलं की हे ठिगळ एकाच वेळी दोन कामं करतं: जुन्या मॉडेलची दखल घेतं आणि त्याचा आवाज सुरू करतं. एका ठिगळाने एकच काम करावं, हा लिपाचा मूळ सिद्धांत. तेव्हा एका ओळीची दोन ठिगळं करावीत. इस्क्राने तीही केली. पहिलं ठिगळ काहीच करत नव्हतं. ते एकमताने स्वीकारलं गेलं.

दुसऱ्याला चाचणी लागणार होती. ज्यांच्याकडे तोच लॅपटॉप आहे अशा दोन स्वतंत्र व्यक्तींनी ठिगळ लावून बघावं आणि आपल्या नावानिशी ग्वाही द्यावी, असा नियम आहे. नियम उत्तम आहे. पहिले परीक्षक अर्थातच बाय क्रुम. त्यांनी अनुवादकाला शोभेल असा नेटका अहवाल पाठवला. उर्मास यांनी आभार मानले आणि सोबत स्क्रीनशॉट, म्हणजे पडद्याचा फोटो, जोडण्याची विनंती केली. तक्रार आवाजाची होती, पण नमुन्यात फोटोची जागा होती, आणि रिकामी जागा वाईट दिसते.

इस्क्रा तडकली. बाय क्रुमनी तिला शांत केलं आणि तिच्याकडून फोनवर पडद्याचा फोटो काढून घेऊन पाठवला. त्यांच्या लॅपटॉपचा उजेड ते कायम शून्यावर ठेवतात, बॅटरी वाचते म्हणून. उत्तर आलं की चित्र पूर्ण काळं आहे, त्यात काही दिसत नाही.

मावशीने हे वाचून दाखवल्यावर बाय क्रुम म्हणाले, "लिही त्यांना. म्हणावं, मलाही दिसत नाही. या मुद्द्यावर आपलं एकमत आहे."

इस्क्राने तसंच लिहिलं. उर्मास यांनी एकमताची नोंद घेतली.

दुसरी परीक्षक मी. वाचनालयातला एक मुका लॅपटॉप मागून आणण्यात आला. झाकण लावणे, झाकण उघडणे आणि ऐकणे, हे माझ्या पदाचं कार्यक्षेत्र होतं, आणि मी ते अत्यंत जबाबदारीने सांभाळलं. मावशी माझ्याकडेही बोलली. ग्वाहीखाली माझं नाव लागलं. माहेरी मी हे सगळ्यांना कळवलं, कोणाला काही कळलं नाही, पण अभिनंदन सर्वांनी केलं.

आता फक्त मंडळाची बैठक राहिली होती. ती पडद्यावर झाली, सगळे आपापल्या चौकटीत बसलेले. उर्मास यांनी विचारलं की लेखिका आपलं ठिगळ याच आवृत्तीत घ्यावं या मताची आहे ना. इस्क्राचा माईक नेमका त्या क्षणी चालेना, म्हणून तिने मान हलवली, इकडे बल्गेरियात होकाराला हलवतात तशी, आडवी. कार्यवृत्तात 'खुद्द लेखिकेचा विरोध' असं नोंदवून विषय पुढच्या आवृत्तीवर ढकलण्यात आला. माईक सुरू झाल्यावर इस्क्रा जे बोलली, त्याचा अनुवाद करायला बाय क्रुमनी नकार दिला.

दरम्यान हिवाळा आला. अंधसंघाच्या चिटणीसबाईंनी वाचनालयाची साफसफाई काढली, तेव्हा न बोलणारे लॅपटॉप जागा अडवून बसले होते. ते भंगारच्या गाडीत गेले. त्यातल्या एकावर एक म्हातारी मिलानला असलेल्या नातवाचे मेल ऐकायला रोज यायची. ती आता येत नाही.

पुढल्या वसंतात आवृत्ती निघाली. बदलांच्या पत्रकात 'ध्वनी: किरकोळ सुधारणा' असं होतं. खाली उर्मास यांचं, पोर्तुगालच्या गृहस्थांचं आणि एक अक्षर गाळून इस्क्राचं नाव होतं. त्या दिवशी संध्याकाळी इस्क्राच्या दारावर थाप पडली. बाय क्रुम कठड्याला धरून स्वतः खाली आले होते, काखेत रकियाची, म्हणजे फळांच्या दारूची, बाटली.

"सांगायला आलो," ते म्हणाले, "की आज वर येऊ नकोस. काम नाही."

मग इस्क्रा रडली. का, ते तिलाही सांगता येईना. आम्ही तिघांनी ती बाटली संपवली.

इथे गोष्ट थांबली असती तर बरं झालं असतं. पण त्या वर्षभरात मंडळाचा सगळा पत्रव्यवहार बाय क्रुमनी मावशीकडून ऐकला होता, एकूण एक स्वल्पविरामासकट. ऐकता ऐकता लिपाच्या बल्गेरियन भाषांतरातल्या चुका त्यांच्या कानाला टोचू लागल्या. त्या त्यांनी कळवल्या. शीर्षक आज्ञार्थात, लांबी विहित, स्वल्पविराम जागच्या जागी. असा माणूस मंडळाने आजवर पाहिला नव्हता. लवकरच त्यांना बल्गेरियन विभागाचे राखणदार नेमण्यात आलं. सगळ्या इमारतीला आनंद झाला, आणि खरंच, ते काम त्यांच्याइतकं चोख कोणी केलं नसतं.

काही दिवसांनी इस्क्राला लिपात 'बंद करा' या बटणावर एक अक्षर चुकलेलं दिसलं. चुकून त्याचा अर्थ 'गाडून टाका' असा होत होता. तिने सुधारून पाठवलं. उत्तर आलं: 'आपल्या योगदानाबद्दल मनःपूर्वक आभार. खुलाशाच्या दुसऱ्या वाक्यात 'आणि'च्या आधी स्वल्पविराम अपेक्षित आहे. क्रुम.'

इस्क्रा वर गेली. मी तिच्या मागोमाग गेले.

"बाय क्रुम, एक अक्षर आहे. एकच."

"ऐकलं मी. बरोबर सुधारलं आहेस."

"मग घ्या की दाखल करून."

"घेईन. स्वल्पविराम घाल, लगेच घेतो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच मायेचा होता. "तू शेजारची म्हणून सोडलं, तर उद्या दूरच्या एखाद्याला मी कोणत्या तोंडाने अडवू?"

"अडवायचंच कशाला? वाचनालयातले लॅपटॉप आठवतात ना तुम्हाला?"

बाय क्रुमनी लॅपटॉपचं झाकण लावलं. मला वाटलं, लागलं त्यांना.

"आठवतात," ते म्हणाले. "त्यांची तक्रार मंडळाकडे वेगळी नोंदवायला हवी होती. तुम्ही कोणी नोंदवली नाहीत."

इस्क्रा खाली आली. जिना एक-एक पायरीने उतरली. घरी येऊन तिने स्वल्पविराम घातला. ते बटण अजून माणसांना 'गाडून टाका' असंच सांगतं, कारण दुसरा परीक्षक मिळायचा आहे. मला विचारण्यात आलं आहे. मी विचार करून कळवते म्हटलं आहे, कारण अशी जबाबदारी घाईत घेऊ नये.

वाचकांच्या माहितीसाठी: वरच्या मजकुरात ऱ्हस्व-दीर्घाची एक चूक राहून गेली आहे, असं मला सांगण्यात आलं. कुठे, ते मी लिहीत नाही. भंगारच्या गाडीचं वाक्य तुम्ही न थांबता ओलांडून आलात. या चुकीसाठी मात्र आत्ता मागे वळाल. वळा. मंडळाला माणसं हवीच आहेत.