कांडोळीला बांधलेली पानं

नातीच्या शाळेतून निरोप आला. पुस्तकात धडा आहे, झाडं आणि प्राणी परिस्थितीशी कसं जुळवून घेतात त्याचा. आजोबांनी वर्गात येऊन त्यावर गोष्ट सांगावी. मी म्हटलं, गुडघे दुखतात, येत नाही. तर बाई म्हणाल्या, मग लिहून पाठवा, हाताला गुडघे नसतात. माझी शाळा चौथीतच सुटली, ते कुणी विचारलं नाही. लिहितो. वाचताना चुळबुळ करायची नाही. नाकातलं बोट काढा आधी.

एका जंगलात उन्हाळा फार कडक असायचा. तळं आटायचं, जमीन तडकायची. पण कुणी रडत बसत नसे. निवडुंग अंगातच पाणी धरून ठेवायचा. रानडुकरं चिखल फासून सावलीला पडायची. ज्याची त्याची सोय ज्याला त्याला ठाऊक होती.

तळ्याच्या काठी कांडोळीचं एक जुनं झाड होतं. सगळे तिला कांडोळ आजी म्हणत. उन्हाळा लागला की ती सगळी पानं टाकून द्यायची आणि पांढरीफटक, उघडी उभी राहायची. पानं ठेवली तर पानांवाटे पाणी उडून जातं. तुमच्या अख्ख्या धड्यात जे आहे ते तिच्या सालीला ठाऊक होतं.

तिच्या मुळाशी, खोल ओलीत, एक बेडकी झोपायची. पाऊस येईपर्यंत तिने वर यायचं नाही. आली तर कातडी वाळून मरणार. इतकं साधं होतं.

एका वैशाखात वाघराजाने दवंडी पिटवली. सगळ्यात हिरव्या जंगलाला बक्षीस मिळणार होतं. नदीकाठच्या जंगलातून साहेब लोक तपासणीला येणार होते. वाघाने सगळं कारभाऱ्यावर सोपवलं आणि तो झोपला. कारभारी होता सरडा.

सरडा आजीकडे गेला.

"आजी, पानं काढ."

"आषाढात ये."

"तपासणी उद्या आहे."

"मग त्यांनाच आषाढात बोलव."

सरड्याने माकडं आणली. त्यांनी जांभळीची पानं ओरबाडली आणि वेलींनी आजीच्या फांद्यांना बांधली. जांभूळ कुरकुरली, तर सरडा म्हणाला, "जंगलासाठी एवढंही करायला नको?" स्वतः तो नुसता हिरवा झाला. त्याला काय, त्यात त्याचं काही जात नव्हतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी म्हणाला, "स्वागतगीत कोण गाणार?"

आपल्याकडे बोअरिंगचा नारळ फोडायचा तरी आधी स्वागतगीत लागतं. त्यात तळ्यावर बेडूक दिसला तर गुण जास्त. झालं. डुकरांनी उकरून बेडकीला वर काढली.

"पाऊस आला का?" तिने डोळे न उघडताच विचारलं.

"पाऊस नाही, साहेब येतायत," सरडा म्हणाला.

"मग परत पुरा मला."

"ताई, एकच कडवं. मग झोप हवं तेवढं."

"कडवं होईपर्यंत कातडी टिकायची नाही माझी."

"साहेब अगदी वेळेवर येणार आहेत."

हे ऐकल्यावर बेडकीने आशाच सोडली.

साहेब आले दुपारी, डोक्यावर ऊन घेऊन. तोवर बेडकी आजीखालच्या दगडावर बसून होती. अंगाला चिकटलेला चिखल वाळून खापरासारखा झाला होता.

आणि साहेब कोण? तीन बगळे. पोरांनो, बगळा काय खातो? तुम्हाला लगेच कळलं. सरड्याला नाही कळलं, कारण पत्रिकेत त्याने नुसतं 'मान्यवर' लिहिलं होतं.

"पोरी, हलू नकोस," आजी वरून कुजबुजली. "तू बेडकी नाहीस. ढेकूळ आहेस."

"आजी, अंग तडकतंय गं."

"ढेकळाचं तडकतंच."

सत्कार झाले. सरडा पुढे आला. "आता आमच्या तळ्याच्या गायिका स्वागतगीत सादर करतील."

कुणी गाईना.

थोरल्या बगळ्याने मान लांब केली. "हा बेडूक आहे?"

"एकदम ताजा, साहेब."

"मग गात का नाही?"

सरड्याने तिला शेपटीने ढोसलं. ती हलली नाही. श्वाससुद्धा घेईना.

"ढेकळाला गायला लावता? आमची थट्टा करता?"

सरडा झटकन मातकट झाला. "ढेकूळच आहे, साहेब. पण आमच्याकडची ढेकळं दर्जेदार आहेत."

"पाहुण्यांच्या वाटेत ढेकळं नकोत. हे उचला आणि तळ्याच्या मध्यावर गाडून टाका. खोल."

डुकरांनी तसं केलं. साहेबाच्या हुकमाने परत ओलीत गेलेली ती पहिलीच बेडकी.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं.

पण बांधलेली पानं उन्हाने करपली. एकेक गळायला लागली. एक पान थोरल्या बगळ्याच्या डोक्यावर पडलं. त्याने वर पाहिलं.

"हे झाड मेलंय."

"मेलेलं नाही, साहेब," आजी म्हणाली. "उन्हाळा आहे."

बगळा नदीकाठचा. त्याच्या नदीला पाणी कधी कमी पडलं नव्हतं. "मेलेलं झाड वर उलट बोलतं. उद्या कुणाच्या अंगावर पडेल. पाडा."

सगळ्यांनी सरड्याकडे पाहिलं. त्याला माहीत होतं. तो आजीच्याच फांदीवर लहानाचा मोठा झाला होता. दर आषाढात तिची पालवी त्याने पाहिली होती. एक शब्द बोलला असता तर पुरे होतं.

सरडा हळूहळू पांढरा झाला. आजीसारखा नाही, बगळ्यांसारखा. म्हणाला, "पाडतो, साहेब."

डुकरांनी मुळं उकरली. आजी पडली. खोड फुटलं तेव्हा आतून ओलं होतं, डिंक वाहत होता. सगळ्यांनी पाहिलं. बगळे तोवर जेवायला बसले होते.

जंगलाला पहिलं बक्षीस मिळालं. सरड्याला शाल मिळाली. शाल कुठल्या रंगाची होती ते सांगता येत नाही, कारण अंगावर घेतल्यावर दोघं सारखीच दिसली.

आषाढात सगळी झाडं पालवली. आजीच्या जागी खड्डा होता. त्यात पाणी साठलं आणि बेडकी तिथे राहायला आली. ती तिथे बसून गाते. सरडा आल्यागेल्याला सांगतो, हे आमचं स्वागतगीत.

ते स्वागतगीत नाही.

तात्पर्य : उन्हाशी जुळवून घ्यायला हजारो पिढ्या जातात. साहेबाशी जुळवून घ्यायला अंगाचा रंग बदलण्याइतकाच वेळ लागतो. तेव्हा पोरांनो, पाणी वाचवण्याच्या नादात पानं गाळू नका. मेलात तरी चालेल, हिरवे दिसा.

बाईंना सांगा, परीक्षेत हे लिहिलं तर गुण द्यायचे. आणि वर्गात बोरकुट्यांचं कुणी पोर असेल तर त्याने घरी एवढं विचारावं : माझ्या दारातला पांगारा वाळला म्हणून ज्याने शिमग्याआधी पाडला, आणि आतलं ओलं लाकूड बघून जो मान खाली घालून निघून गेला, तो माफी मागायला कधी येणार. त्याचं नाव सुदाम बोरकुटे.