पुरावेकाकांचा विनानोंद आजार

निवृत्तिवेतन कार्यालयाच्या हयात विभागातले वरिष्ठ कारकून एका मंगळवारी सकाळी पावणेअकरा वाजता पूर्णपणे निरोगी असल्याचं सिद्ध झालं, आणि तिथून त्यांच्या हालांना सुरुवात झाली.

हयात विभागाचं काम तसं साधं. म्हातारी माणसं महिन्यातून एकदा खिडकीशी येतात, आपण अजून आहोत असं सांगतात, आणि हे कारकून त्यांच्याकडे त्याचा कागद मागतात. तोंडावर लोक त्यांना साहेब म्हणत आणि पाठ फिरली की पुरावेकाका. माणूस सज्जन हो! कुणाच्या चहाला ओशाळा नाही, कुणावर आवाज चढवणं नाही. एकदा शाळेतून निवृत्त झालेले एक ड्रिलमास्तर छाती काढून खिडकीसमोर उभे राहिले. या महिन्याचा कागद होता, पण मागचा महिना न्यूमोनियाने अंथरुणात गेलेला, त्यामुळे त्या महिन्याचा नव्हता.

"साहेब, मी आज जिवंत आहे म्हणजे मागच्या महिन्यातही असणारच ना?"

"तो तुमचा अंदाज झाला," पुरावेकाका शांतपणे म्हणाले. "आज आहात, मान्य. मागच्या महिन्याचं काय?"

मास्तर तीनदा आले आणि तीनदा परत गेले. तिन्ही वेळा काकांनी 'त्रुटी' असा शिक्का मारला, आणि तोही सुबक मारला. तिरका शिक्का त्यांना मुळीच खपत नसे.

मग साथ आली. लस अजून कुठल्याशा प्रयोगशाळेत होती आणि विषाणू मात्र घरोघर पोचला होता. काकांच्या घरी आधी काकूंना ताप भरला. पांढऱ्या पोशाखातला आरोग्यसेवक आला, काकूंच्या नाकात काडी घातली आणि दुसऱ्या दिवशी निकाल सांगून गेला. तोवर काकांनाही एकशे दोन ताप होता. गॅसवरचं दूध करपून भांडं काळं झालं, आणि काका भांड्यापासून हातभर अंतरावर वर्तमानपत्र वाचत बसलेले! वास म्हणून नाही.

"माझीही तपासणी करा," काका म्हणाले.

"गरज नाही. एका घरात एक बाधित सापडला की बाकीचे गृहीत. किट वाचवायची आहेत ना!"

हा नियम काकांना इतका पटला की तापातही त्यांनी उठून सही केली. रजिस्टरात त्यांच्यापुढे 'गृहीत बाधित' असं लिहिलं गेलं. दारावर एक चिठ्ठी लागली, 'या घराने एक किट वाचवले आहे. आभार.' काका पुढे नऊ दिवस फणफणले, वीस दिवस जिना चढताना धापा टाकत होते, आणि बरे झाल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर ती चिठ्ठी अलगद काढून फायलीत लावली. काकूंनी कपाळाला हात लावला.

काकांची आई नदीपलीकडच्या शुश्रूषागृहात होती. वय त्र्याऐंशी, खुब्याचं हाड मोडलेलं. साथ आल्यापासून तिथलं दार बंद होतं. काका रोज सहा वाजता फोन करत. आधी ती विचारायची, "जेवलास का? डबा नीट झाकतोस ना?" मग विचारू लागली, "कोण बोलतंय?" आणि गेल्या रविवारी तिने "राँग नंबर" म्हणून फोन ठेवून दिला. आई आजारी नव्हती, ती मुलाला विसरत चालली होती, आणि तो तिला दिसल्याशिवाय हे थांबणार नव्हतं. इतकी भीती काकांना तापातही वाटली नव्हती.

त्याच आठवड्यात परिपत्रक निघालं. ज्यांना आजार होऊन गेला आहे त्यांना 'निसर्गदत्त प्रतिकारशक्ती दाखला' मिळेल, आणि दाखलाधारकांना शुश्रूषागृहात आप्तांना भेटता येईल. काकूंना दाखला दहा मिनिटांत मिळाला. काका खिडकी क्रमांक तीनसमोर उभे राहिले. खिडकीत चष्मा लावलेली एक बाई होती आणि तिचं टेबल इतकं नीटनेटकं होतं, की काकांना पाहताक्षणी तिच्याबद्दल आदर वाटला.

आधी नाकात काडी. पावणेअकराला निकाल आला.

"अभिनंदन! तुम्ही निरोगी आहात."

"हो, पण मी आजारी होतो."

"या कागदावर तसं दिसत नाही. पुरावा?"

"माझी बायको. तिला झाला, तिच्यापासून मला झाला. एका घरात राहतो हो आम्ही."

"बायको पुरावा नसते, साक्षीदार असते," बाई म्हणाल्या. "रजिस्टरात तुम्ही गृहीत आहात. दाखला सिद्ध बाधितांना मिळतो. गृहीत धरलेल्या आजारातून माणूस बरा झाला, तर तोही गृहीतच बरा होतो."

मनातल्या मनात काकांनी मान डोलावली. वाक्य चोख होतं.

पण प्रश्न आईचा होता. काका खासगी प्रयोगशाळेत गेले, रक्त दिलं आणि अँटीबॉडीचा अहवाल घेऊन दोन दिवसांनी परत आले. अहवालात अँटीबॉडी भरपूर होत्या. बाईंनी तो दोनदा वाचला.

"या तुमच्या रक्तात आहेत, मान्य. पण आल्या कुठून?"

"कुठून म्हणजे? आजारातून!"

"त्या आजाराची नोंद नाही. ताबा सिद्ध होतो, मालकी नाही. उद्या कुणीही येईल आणि म्हणेल, माझ्याही आहेत."

"मग मी करू काय?"

बाईंनी नियमपुस्तिका उघडली. त्या मदत करायला खरंच उत्सुक होत्या. "एक मार्ग आहे. रीतसर आजारी पडा. लक्षणं दिसली की तपासणी, मग चौदा दिवस, मग दाखला. सरळ काम आहे."

"अहो, पण मला आता तो इतक्यात होणार नाही!"

"असा काही दाखला आहे का तुमच्याकडे?"

"तोच तर मागतोय ना मी!"

"आवाज चढवू नका," बाई हळुवारपणे म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला. 'त्रुटी'. शिक्का जराही तिरका नव्हता.

काका हट्टाला पेटले. आजार मुद्दाम ओढवून घेण्याइतका मूर्खपणा त्यांच्यात नव्हता, पण दर सोमवारी तपासणी करून घ्यायची, न जाणो चुकून एखादी काडी आपल्या बाजूने बोलेल, असं त्यांनी ठरवलं. काड्या बोलल्या, पण विरुद्ध. एक, दोन, तीन, चार, सगळ्या निगेटिव्ह. चौथ्या निकालानंतर यंत्रणेने आपणहून पत्र पाठवलं. 'आपल्या नावे विषाणूचा कोणताही इतिहास आढळत नसून आपण अत्यंत असुरक्षित गटात मोडता. सबब आपल्या संरक्षणार्थ आपण एकवीस दिवस घराबाहेर पडू नये.' दारावर लाल पट्टी लागली. काम घरून करायला मिळेना, कारण म्हातारी माणसं जिवंत आहेत की नाहीत हे घरबसल्या कसं कळणार? काका खिडकीत बसून रस्ता बघू लागले. काकू मात्र दाखला गळ्यात अडकवून सगळीकडे मोकळ्या हिंडत होत्या. परत आल्या, की "तुझ्या अंगावर विषाणू असू शकतो," असं काका म्हणत. "शक्य आहे," काकू म्हणत, "पण माझ्याकडे कागद आहे."

काकू रोज सासूला भेटायला जात. आता, या सासूसुनांचं एकतीस वर्षांत एका गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं, मीठ किती घालायचं यावरसुद्धा. पण रोज येणारं एकच तोंड, केस विंचरणारे एकच हात. म्हातारीने तिलाच धरून ठेवलं.

एका संध्याकाळी काकू घरी आल्या आणि चप्पल न काढता स्टुलावर बसल्या.

"काय झालं गं?"

"आज नर्सने विचारलं, आजी, ही कोण? तर म्हणाल्या, माझी मुलगी. मग नर्स म्हणाली, आणि मुलगा? तर म्हणाल्या..." काकूंनी गळ्यातला दाखला काढून ठेवला. "म्हणाल्या, मला मुलगा नाही."

काकांनी हातातला फोन खाली ठेवला.

"आणि अहो, नर्सने ते लिहून घेतलं."

दुसऱ्या दिवशी शुश्रूषागृहाचा ईमेल आला. रुग्णाच्या जबाबानुसार रुग्णास मुलगा नाही. सबब दाखला मिळाल्यासही मुलगा या नात्याने भेट देता येणार नाही. हरकत असल्यास पुरावा सादर करावा. काकांनी जन्मदाखला पाठवला. अर्ध्या तासात उत्तर आलं, 'या दाखल्यावरून आपण अठ्ठावन्न वर्षांपूर्वी त्यांचे पुत्र होता एवढेच सिद्ध होते. सद्यःस्थितीचे काय?'

काकांनी ते वाक्य वाचलं. मग पुन्हा वाचलं. ही भाषा त्यांनी कुठेतरी ऐकली होती, आणि कुठे ऐकली होती ते आठवताच त्यांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. ते उठले, मास्क लावला, आयुष्यात पहिल्यांदा फाईल घरी ठेवली आणि लाल पट्टीखालून वाकून बाहेर पडले.

"अहो, पोलीस पकडतील!" काकू ओरडल्या.

"पकडू दे. मी कोण आहे ते तरी लिहून घेतील."

शुश्रूषागृहाच्या फाटकावर खाकी शर्टातला म्हातारा पहारेकरी ताठ उभा होता, टाचा जुळवून. काका दहा पावलांवर थबकले. ते ड्रिलमास्तर होते! वेतन अडकलं तेव्हा म्हातारपणी त्यांनी ही नोकरी धरली होती, हे सांगायची गरजच नव्हती.

"दाखला?" मास्तरांनी विचारलं.

"नाही."

"नातं?"

"आई आहे माझी आत. पण... त्याचाही कागद चालत नाही म्हणतात."

मास्तरांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मास्कवरून डोळे ओळखले असावेत. तीन वेळा याच डोळ्यांत त्यांनी पाहिलं होतं.

"मला ओळखलंत?"

"हो, मास्तर."

"म्हणजे मी आज आहे?"

"आहात."

"आणि मागच्या महिन्यात?"

"होतात, मास्तर. होतात. मला तेव्हाही दिसत होतं."

मास्तरांनी फाटक उघडलं. "आवारात बाकावर बसा. आणतो त्यांना खुर्चीतून, मोकळ्या हवेत. दहा मिनिटं. उजवीकडे वळा, सरळ चला."

आई चाकाच्या खुर्चीत बसून आली. काका दोन हात अंतर ठेवून उभे राहिले. ती त्यांच्याकडे परक्यासारखी पाहत होती. सवयीने त्यांचा हात काखेतल्या फाईलकडे गेला, पण फाईल घरी होती. मास्कच्या दोऱ्यांनी त्यांचे दोन्ही कान पुढे ओढले गेले होते.

"अगं बाई," आई एकदम म्हणाली, "हा कान माझ्या मुलाचा आहे! एका कुशीवर झोपायचा मेला, डावा कान दुमडला तो दुमडलाच. इतके दिवस कुठे होतास रे?"

"दाखला आणायला गेलो होतो, आई."

"मिळाला?"

"नाही."

"मग आत कसा आलास? रागावतील ना तुला!"

काका रडले. दहा मिनिटं भरपूर रडले, आणि मास्तर फाटकाकडे तोंड करून टाचा जुळवून उभे राहिले.

पुढच्या महिन्यात दाखल्याची योजनाच रद्द झाली, कारण दाखलाधारकांनाही पुन्हा आजार होऊ लागला. पहिला मान खिडकी तीनच्या बाईंना मिळाला. त्यांचा आजार मात्र नोंदीत आहे.

काका पुन्हा हयात विभागात रुजू झाले. पहिल्याच दिवशी रांगेत सहावे ड्रिलमास्तर होते. त्यांचा नंबर आला. मागच्या त्या महिन्याचा कागद अजूनही नव्हता. काकांनी काही विचारलं नाही. 'मंजूर'चा शिक्का उचलला, शाईवर टेकवला.

"अहो, हे काय?" रांगेतून एक आवाज आला. "त्यांचा कागद कुठाय?"

"आम्ही काय वेडे म्हणून सकाळपासून झेरॉक्स काढत फिरलो का?" दुसरा आवाज.

आणि तिसरा आवाज, अगदी शांत, सज्जन, शिकलेला. "तसं नव्हे साहेब, माणूस खरा असेलच. पण नियम सगळ्यांना सारखा हवा, एवढंच म्हणणं आहे."

काकांचा हात हवेतच थांबला. रांगेत मास्कमुळे कुणाचंच तोंड दिसत नव्हतं. पण त्या तिसऱ्या आवाजाला त्यांनी लगेच ओळखलं. आजवर तो त्यांचाच होता. आता ते फक्त एवढंच शोधत होते, की तो त्यांच्याकडून रांगेत उभ्या असलेल्या तुमच्याआमच्याकडे कधी आला.