झाकणाखालचं झबलं

ते साल होतं दोन हजार सतरा. त्या वर्षी गल्लीतले पिचके, झाकण हरवलेले कचऱ्याचे डबे गेले. त्यांच्या जागी हिरवेगार, चाकांवर उभे असलेले, पायाने पट्टी दाबली की झाकण उघडणारे नवे डबे आले. आणि त्याच दिवशी मोठीआईने शेवटच्या घरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं, "या डब्यांची काळजी आता माझ्याकडे! मी असताना यांना काही होत नाही!"

तिचा तो हक्कच होता म्हणा. ते डबे तिच्या सुनेच्या डोक्यातून निघाले होते. सूनबाई नगरपालिकेत इंजिनिअर. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षाचा बराचसा काळ समुद्रावर. त्यामुळे घरात या दोघीच. सकाळचा चहा दोघींचा, रात्रीचं जेवण दोघींचं, भांडणही दोघींचंच, आणि ते मिटवायला तिसरं कोणी नसल्यामुळे आपोआप मिटायचं.

सूनबाईची नेमणूक मात्र कच्ची होती. डब्यांचा प्रयोग यशस्वी झाला तर कायम, नाही तर सामान बांधून दुसऱ्या शहरात नोकरी शोधायची. मोठीआई हे कोणाजवळ बोलली नव्हती. पण ही पोरगी गेली की या घरात आपण भिंतींशी बोलणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सूनबाईने यंत्राची माहितीही तिला समजावून सांगितली होती. "आई, प्रत्येक झाकणाच्या आतल्या बाजूला एक पेटी बसवलीय. फार नाजूक आहे हं ती, जपायला हवी. ती काय करते, तर सारखी खाली बघते, आणि कचरा किती वर आला ते मोजून..."

नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं! मोठीआई स्वयंपाकघरात धावली. परत आली तेव्हा सूनबाई शेवटाला पोचली होती, "...मग ऑफिसात कळतं की डबा भरला, आणि गाडी तेवढ्याच डब्यापाशी येते. उगाच रिकाम्या फेऱ्या नाहीत!"

मधलं राहिलं ते राहिलंच. मोठीआईच्या डोक्यात एकच शब्द बसला: नाजूक.

आणि नाजूक वस्तूचं काय करायचं असतं, हे मोठीआईला कोणी शिकवायला नको होतं. तिच्या घरात टीव्हीला झालरीचं झाकण, मिक्सरला टोपरं, शिलाई मशीनला दुलई, आणि रिमोट तर प्लॅस्टिकमध्ये असा गुंडाळलेला की आवाज वाढवायला दाबावं आणि चॅनल बदलावं! जुन्या पडद्याचं फुलाफुलांचं कापड तिने काढलं, दुपारभर मशीन चालवलं आणि पेटीला नाडीचं एक सुबक झबलं शिवलं. आपल्या दारच्या डब्याचं झाकण उघडून आत बांधलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. सूनबाईला सांगायचं ते सगळं सुरळीत झाल्यावर, म्हणजे कौतुकाने!

आता त्या बिचाऱ्या पेटीने खाली बघितलं की नाकाला कापड! तिने तत्परतेने ऑफिसला कळवलं, डबा काठोकाठ भरला.

गाडी आली. गाडीच्या लोखंडी हाताने डबा उचलला, उलटा केला, आत एक केळ्याचं साल. गाडीवाला ते टाकून परत गेला. त्याची पाठ वळते न वळते तोच डबा पुन्हा भरला! गाडी पुन्हा आली.

"मोठीआई, हवा भरून नेतोय मी हवा!" गाडीवाला तिसऱ्या फेरीला खिडकीतून ओरडला.

"अरे, नवीन आहे ते. रुळायला वेळ लागतो. तू आधी चहा घे."

गाडीवाला चहा प्यायला. पुढे तो फेरीगणिक चहा पिऊ लागला. आणि फेऱ्या काही थांबेनात.

एवढ्यावर भागलं असतं. पण समोरच्या मास्तरीणबाईंनी एकदा कचरा टाकताना आत वाकून बघितलं. शाळेतून निवृत्त होऊन वर्षं झाली, तरी दुसऱ्याच्या दप्तरात डोकावायची सवय गेली नव्हती.

"हे बरंय हो! तुमच्या दारच्या डब्याला झबलं, आणि आमच्या दारचा उघडा?"

"तसं काही नाही, मास्तरीणबाई. कापड तेवढंच होतं."

"कापड माझ्याकडे आहे! जांभळं! सॅटिन!"

मग काय, जांभळं सॅटिन झालं. ते पाहून कोपऱ्यावरच्या घराने लोकर आणली. आठवडाभरात गल्लीतल्या एकूण एक डब्याच्या पोटात कपडे चढले, आणि ऑफिसातल्या नकाशावर ती गल्ली गोवर आल्यासारखी लाल झाली.

सूनबाई घरी यायची ती उतरलेल्या चेहऱ्याने. "आई, काहीतरी बिघडलंय. पेट्या वेड्यासारख्या करतायत."

"धूळ गेली असेल," मोठीआई म्हणाली, आणि सून झोपायला गेल्यावर प्रत्येक झबल्याला आतून अस्तर लावायचं ठरवून टाकलं.

रविवारी सूनबाई स्वतः डबे तपासायला निघाली. पण मोठीआईचा रविवार धुण्याचा! सगळी झबली गच्चीवर दोरीला लटकत होती. खाली प्रत्येक पेटी शहाण्या मुलासारखं खरं बोलत होती. सूनबाईने सगळे डबे उघडून पाहिले, मोबाइलशी ताडून पाहिले. एक चूक सापडेना!

"आई, आज सगळं बरोबर दाखवतंय! असं कसं?"

"तुझा पायगुण गं बाई," मोठीआई समाधानाने म्हणाली आणि वाळलेली झबली आणायला वर गेली.

सोमवारी गल्ली पुन्हा लाल! शेवटी मोठे साहेबच म्हणाले, पेट्या सगळ्याच्या सगळ्या कशा बिघडतील? त्या गल्लीतच कचरा जास्त असणार. शनिवारी मी स्वतः येतो. जमलं तर ठीक, नाही तर शनिवारीच हा प्रयोग बंद.

ही बातमी सूनबाईने ताटावर बसून सांगितली आणि न जेवता उठली. मोठीआईनेही ताट सारलं. पण ती हातावर हात ठेवून बसणाऱ्यातली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने गल्ली गोळा केली.

"साहेबांना वाटतं, गावातला सगळ्यात जास्त कचरा आपण करतो!"

"आपण?" मास्तरीणबाई कडाडल्या. "कोपऱ्यावरच्या घराने केला असेल!"

"आमच्या घराने? तुमचे रद्दीचे गठ्ठे बघितलेत का!"

"भांडू नका!" मोठीआईने हात वर केला. "शनिवारपर्यंत कोणीही डब्यात काडी टाकायची नाही. कचरा घरात ठेवायचा. डबे घासून पुसून लख्ख दिसले पाहिजेत. माझ्या सुनेच्या नोकरीचा प्रश्न आहे!"

हे शेवटचं वाक्य तिच्या तोंडून निसटलं. भांडणारे कबूल झाले. मास्तरीणबाईंनी तर सगळ्यांच्या आधी मान डोलावली. त्या गल्लीचं हेच मोठेपण होतं. एकमेकांचं तोंड बघायचं नाही म्हणतील, पण नड पडली की दार उघडंच.

शनिवार उजाडला तोवर घराघरात नाकाला रुमाल बांधायची वेळ आली होती. डबे मात्र आरशासारखे! झबलीही खळ देऊन इस्त्री केलेली.

साहेब आले. मोबाइल बघितला. कपाळाला आठी पडली. "सगळे डबे भरून वाहतायत म्हणे!"

त्यांनी पट्टीवर पाय दिला. झाकण उघडलं. आत कागदाचा कपटा नाही, साबणाचा वास, आणि वर कडक इस्त्रीची, फुलाफुलांची झालर!



"हे... काय आहे?"

"हे मोठीआईंचं," मास्तरीणबाई पुढे सरसावल्या. "माझं जांभळं आहे, पलीकडे. सॅटिनचं. बघा ना!"

सूनबाईने झालरीकडे बघितलं. मग सासूकडे बघितलं. गच्चीवरची दोरी, रविवार, धूळ, सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकताना दिसलं. आणि मोठीआईला तिच्या नजरेतच उतू गेलेल्या दुधामागचं ते मधलं वाक्य ऐकू आलं! 

"साहेब, हे मी..." मोठीआईने तोंड उघडलं.

"साहेब, चूक माझी," सूनबाई मध्येच म्हणाली. "पेटी जपा, असं मी घरी सांगितलं. ती बघते कशी, हे नीट सांगितलं नाही. लोकांनी जपली. फार मनापासून जपली."

 सूनबाईने नाडी ओढली, झबलं काढलं. मोबाइलवर लाल ठिपका हिरवा झाला. मास्तरीणबाईंनी धावत जाऊन जांभळं सॅटिन सोडलं, कोपऱ्यावरच्यांनी लोकर. एकामागून एक ठिपके हिरवे झाले.

"आता टाकायचा का?" गल्लीतून कोणीतरी केविलवाण्या आवाजात विचारलं.

मोठीआईचं भान सुटलेलंच होतं. तिने नुसती मान हलवली, आणि धरण फुटावं तशी गल्ली दारांतून बाहेर पडली! पिशव्या, बादल्या, टोपल्या! साली, देठं, टरफलं! मास्तरीणबाईंची रद्दी! साहेब भिंतीला चिकटले. हातातला मोबाइल हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला, आणि टुंग टुंग वाजायला लागला. शेवटची बादली रिकामी होते न होते तोच गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी! आत नेहमीचा गाडीवाला, चहाच्या आशेने आलेला. त्याने पहिला डबा उचलला आणि खिडकीतून हर्षाने ओरडला, "मोठीआई! भरलाय! खरंच भरलाय!"

साहेबांनी बुटावरचं बटाट्याचं साल झटकलं. "मॅडम," ते म्हणाले, "कापडाने फसते म्हणजे उद्या अडकलेल्या पिशवीनेही फसेल. पेटीच्या जोडीला डब्याखाली वजनाचा काटा बसवा. हे एका गल्लीत कळलं ते नशीब. गावभर कळलं असतं तर मला गाव सोडावं लागलं असतं. काम चालू ठेवा."

त्या संध्याकाळी मोठीआई भाजी निवडत बसली होती. निवडता निवडता म्हणाली, "माझं नाव का नाही घेतलंस गं?"

"काय सांगू नाव घेऊन? आई, माझ्या कामाला कोणी अस्तर लावून जपलं नव्हतं आजवर."

मोठीआईला पुढची भाजी दिसेना. तिने ती तशीच निवडली, त्यामुळे त्या रात्री दोघींनी देठांसकट खाल्ली.

पुढे सूनबाई कायम झाली; आता त्या खात्याची मुख्य आहे आणि त्याच घरात राहते. साहेब निवृत्त झाले. गल्लीवरून जाताना अजून बूट बघून पाय टाकतात. गाडीवाल्याच्या फेऱ्या कमी झाल्या, म्हणून तो रविवारी बायकोला घेऊन चहाला येऊ लागला. मास्तरीणबाई लेकीकडे राहायला गेल्या. जाताना मोठीआईच्या गळ्यात पडून रडल्या आणि सॅटिन परत घेऊन गेल्या.

आणि मोठीआई? नगरपालिकेत आता कुठलंही नवं यंत्र रस्त्यावर लावण्याआधी आठ दिवस तिच्या घरी ठेवतात. या तपासणीला कार्यालयात 'मोठीआई चाचणी' म्हणतात. ती हे येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगते. यंत्र तिच्या हातून सुखरूप सुटलं की कुठेही टिकतं, असा त्याचा अर्थ आहे, हे मात्र तिला अजून कोणी सांगितलेलं नाही!