फोटोतला चौथा

मंदाताई मोहित्यांच्या घरातल्या प्रत्येक फोटोत चार माणसं असत. सासूबाई चिमणाबाई, नवरा विश्वासराव, मुलगी भक्ती आणि समोरच्या घरातले धवलभाई. मंदाताई नसत. त्या फोटो काढत असत.

यात कुणाचा दोष नव्हता, नुसतं गणित होतं. मोहित्यांचं कुटुंब चौघांचं. एकीनं फोटो काढायचा म्हटल्यावर उरले तीन, आणि तिघांचा फोटो चिमणाबाईंना मुळीच चालत नसे. "तिघांचा काढला की मधला जातो," त्या बजावत, "आणि मधे तुम्ही नेहमी मलाच बसवता." मग भक्ती गॅलरीतून ओरडे, "धवलकाका, फोटो!" आणि धवलभाई केसांतून कंगवा फिरवत हजर होत. भक्तीचं बारसं, भक्तीची मुंज न झाल्याबद्दल तिनं धरलेला रुसवा, विश्वासरावांची रिफायनरीतली बढती, सगळीकडे मागच्या बाजूला डावीकडे धवलभाई. मंदाताईंच्या नाशिकच्या आत्याबाई तर कित्येक वर्षं त्यांना विश्वासरावांचा धाकटा भाऊ समजत होत्या. त्यांनी धवलभाईंसाठी एक स्थळही आणलं होतं.

मग धवलभाईंनाच का नाही सांगत फोटो काढायला, असं विचारणाऱ्यांनी त्यांनी काढलेला एकुलता एक फोटो पाहावा. त्यात छताचा पंखा उत्तम आला आहे. सेल्फीही काढून झाली. सेल्फीत विश्वासरावांचं कपाळ येई आणि त्या कपाळाच्या आडोशाला बाकीचं घराणं.

चिमणाबाईंचं सहस्रचंद्रदर्शन जवळ आलं, तेव्हा मात्र मंदाताईंनी तव्यावरची पोळी उलटता उलटता जाहीर केलं, "आईंच्या फोटोत मी असणार."

"असशीलच की," विश्वासराव पेपरातून म्हणाले.

"कशी असेन? हा फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावायचाय. उद्या भक्तीची मुलं विचारतील, आपल्याला आजी नव्हतीच का?"

"अगं, फोटो बघितला की कळतंच तू काढलास म्हणून."

"कसं कळतं?"

"चांगला आलेला असतो ना."

मंदाताई क्षणभर विरघळल्या. पण पोळी करपायला लागली आणि त्या भानावर आल्या. "गोड बोलू नका. कॅमेरा घ्यायचा. आपला आपण फोटो काढणारा."

रविवारी सगळं कुटुंब फतेगंजला उदयसिंहरावांच्या कॅमेऱ्याच्या दुकानात निघालं. रिक्षात बसताना धवलभाई आलेच. "हुं पण येतो ने! फोटोत तर मीच असतो. मला कुठला कॅमेरा शोभतो ते बघायला पाहिजे." मंदाताईंनी विश्वासरावांकडे पाहिलं. विश्वासरावांनी रिक्षावाल्याकडे पाहिलं. धवलभाई पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी बसले.

उदयसिंहराव मिशा राखून होते आणि ग्राहकाला 'सरकार' म्हणत. "बोला सरकार, काय हवं?"

"झूम," विश्वासराव म्हणाले. "सूरसागर तलावाच्या या काठावरून पलीकडच्या काठावरचा माणूस ओळखू आला पाहिजे."

"त्याला ओळखून काय करणार तुम्ही?" मंदाताई म्हणाल्या.

"मागचं सगळं धूसर होतं ना, तसला हवा," भक्ती म्हणाली. "पुढचे चेहरे स्पष्ट, मागे नुसता धूर."

धवलभाई दचकले. "मागचं धूसर? भक्ती बेटा, मी तर पाछळच उभा असतो!"

"मला असा दाखवा," चिमणाबाईंनी सांगितलं, "ज्यात माझा शालू चिंतामणी रंगाचाच येईल. मागच्या खेपेला पोपटी आला होता."

मंदाताईंनी सगळ्यांना हातानं गप्प केलं. "हात न लावता फोटो निघेल असा आहे?"

उदयसिंहरावांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि काचेच्या कपाटातून एक काळाभोर कॅमेरा काढला. "हा बघा. याला एक चेहरा ओळखून ठेवायला सांगायचा. तो चेहरा हसला की आपोआप फोटो. बटण नको, पळापळ नको." त्यांनी नमुन्याला कोणाचा चेहरा घ्यावा म्हणून पाहिलं, तर धवलभाई आधीच काउंटरवर हनुवटी ठेवून उभे होते. धवलभाई हसले, कॅमेरा 'टक्' म्हणाला. पुन्हा हसले, पुन्हा टक्. दुकानात दिवाळी झाली. "चेहरा नंतर घरी बदलून घ्या, सोपं आहे," उदयसिंहराव म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एखाद्या कामाला सोपं म्हटलं की ते विसरायला बरं पडतं.

परतीच्या रिक्षात भक्ती खुशीत होती. "धवलकाका, आता तुमचा त्रास संपला! आता आई फोटोत, म्हणजे आम्ही चौघं झालो. तुम्हाला उठून यायला नको."

"सारुं, सारुं," धवलभाई पुढे बघत म्हणाले. दांडिया बाजारात घर आलं तसे ते सगळ्यांच्या आधी उतरले. घरी आल्यावर चहालाही थांबले नाहीत. धवलभाई चहाला नाही म्हणाले, हे चिमणाबाईंनी ऐकलं तेव्हा त्या ऐकण्याचं यंत्र काढून पुन्हा लावून बसल्या.

सोहळ्याच्या दिवशी सकाळी गुरुजी आले, पूजा झाली, दिव्यांनी ओवाळणं झालं. पाहुणे संध्याकाळी यायचे होते. गुरुजी दक्षिणा घेऊन गेले आणि चिमणाबाई खुर्चीत बसल्या. "काय काढायचं ते आत्ता काढा. हे नऊवार मी फार वेळ सांभाळणार नाही."

कॅमेरा स्टँडवर चढला. चिमणाबाई मध्ये, शेजारी स्टुलावर सोवळ्यातले विश्वासराव, मागे भक्ती. आणि सासूबाईंच्या खांद्याशी, जरीच्या साडीत, चक्क मंदाताई. त्यांना हात कुठे ठेवायचे तेच कळेना. आजवर फोटोच्या वेळी हातात काहीतरी असे.

"हसा," त्या म्हणाल्या. सगळे हसले. कॅमेरा गप्प.

"मोठ्यानं हसा." सगळे मोठ्यानं हसले. कॅमेऱ्यानं ढिम्म लक्ष दिलं नाही. भक्तीनं जाऊन बटण दाबलं, तर तो नुसताच दिवा लुकलुकवू लागला. तिनं दुसरं दाबलं, तर त्यानं जपानीत काहीतरी लिहून दाखवलं.

विश्वासरावांनी दुकानात फोन लावला. उदयसिंहराव कुठल्याशा वरातीत होते; फोनमधून बँडच जास्त ऐकू येत होता. "चेहरा बदलला का, सरकार?"

"कुठला चेहरा?"

"त्या दिवशीचा! त्यात अजून ते काउंटरवर हनुवटी ठेवलेले भाई आहेत! ते हसल्याशिवाय तो काढायचा नाही!" मग बँड जोरात आला आणि फोन बंद झाला.

ज्यांना उठून यावं लागू नये म्हणून कॅमेरा आणला, त्यांना बघितल्याशिवाय कॅमेरा हलायला तयार नव्हता.

"मी शिकते बदलायला, थोडा वेळ द्या," भक्ती म्हणाली.

"माझा काष्टा वेळ देणार नाही," चिमणाबाई म्हणाल्या. "त्याला बोलाव."

भक्ती गॅलरीतून ओरडली. कोणी आलं नाही. ती जाऊन धवलभाईंना हाताला धरूनच घेऊन आली. ते घरच्या लेंग्यावर होते, आणि केस विंचरलेले नव्हते.

"पोट बराबर नथी," धवलभाई पुटपुटले आणि सवयीनं डावीकडे मागे जाऊन उभे राहिले.

"धवलभाई, जरा हसा ना," विश्वासराव म्हणाले.

धवलभाईंनी ओठ ताणले. कॅमेऱ्याला ते पटलं नाही. कॅमेऱ्यालाच काय, भिंतीलाही पटलं नसतं.

मंदाताई कॅमेऱ्याकडे पाठ करून त्यांच्याकडे वळल्या. "रागावलात ना?"

"ना रे ना. मी कशाला रागावू? पण मंदाबेन, मला वाटत होतं मी घरचा म्हणून उभा असतो. हे तर नुसता आकडा भरायला!"

"तुम्ही नकोत म्हणून नाही हो आणला कॅमेरा. मी हवी म्हणून आणला. इतक्या वर्षांत एकदा तरी यांच्या शेजारी उभं राहावं असं मला वाटलं, एवढंच. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, ते चुकलंच."

चिमणाबाईंनी मान न वळवता तोंड उघडलं, कारण मान वळवली असती तर पदर सुटला असता. "आकडा भरायलाच होतास रे, धवल. पहिल्यांदा. नंतर तू अंबाजीच्या दर्शनाला गेलास, तेव्हा या पोरीचा वाढदिवस होता. फोटो काढला का आम्ही? तू आल्यावर दुसरा केक आणला आणि मग काढला. त्या दुसऱ्या केकनं माझी साखर वाढली. आता हस बाबा, नाहीतर हे लुगडं सुटलं तर तुझ्या कॅमेऱ्याला भलतंच काहीतरी दिसायचं!"

धवलभाईंनी आधी नाकातून आवाज काढला. मग खांदे हलायला लागले. मग ते असे हसले की दांडिया बाजारातल्या रिक्षा थांबाव्यात.

टक्!

"अगंबाई, मी कुठे बघतेय!" मंदाताई गर्रकन वळल्या.

टक्!

"थांबा, धवलभाई, थांबा! मला नीट उभं तर राहू द्या!" पण धवलभाईंना आता ब्रह्मदेवही थांबवू शकला नसता. चिमणाबाई दात दाखवत हसत होत्या, भक्ती पोट धरून वाकली होती, आणि कॅमेरा सुटला होता. मंदाताई हसत हसत त्याला थांबवायला म्हणून पुढे वाकल्या. टक्! त्यानंतर चिमणाबाई साडी सावरत आत गेल्या त्या पुन्हा फोटोला बसल्याच नाहीत.

सगळ्या फोटोंत बघण्यासारखा निघाला तो शेवटचा. तोच मोठा करून बाहेरच्या खोलीत लावला आहे. चिंतामणी शालू चिंतामणीच आला आहे. धवलभाई स्पष्ट आहेत, विस्कटलेल्या केसांसकट. आणि सगळ्यांच्या पुढे, तोंडभर हसणाऱ्या मंदाताई. इतक्या मोठ्या, की त्यांच्यामागे स्टुलावर बसलेले विश्वासराव संपूर्ण झाकले गेले आहेत. त्यांचा फक्त उजवा हात दिसतो, बायकोच्या खांद्यावर ठेवलेला.

नाशिकच्या आत्याबाई आल्या तेव्हा फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. "कसा प्रेमानं हात ठेवलाय गं विश्वासरावांनी! आमच्यात नव्हतं हो असलं काही."

मंदाताईंनी लाजून पदर सारखा केला. विश्वासरावांनी चहाचा मोठा घोट घेतला. तो हात 'अगं, सरक, मी दिसत नाहीये' असं म्हणत त्यांना बाजूला ढकलत होता, हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.