सावळारामशेटची कोरडी दाढ

उजवी दाढ नीट भरून निघाली तर सावळारामशेटला दोन गोष्टी परत मिळणार होत्या: रविवारचं मटण आणि माठातलं गार पाणी. शिवाय ती दाढ कामाची होती. धसईच्या बाजारात भात घेताना तो तूस काढून दाणा याच दाढेखाली धरायचा. कट् वाजला तर माल कोरडा. नाही वाजला तर ओला, आणि पोत्यामागे वजनातून दोन किलो घट कापायची. गेली दोन वर्षं कुणाचाच माल वाजला नव्हता. हवाच दमट झालीय, असं शेटचं प्रामाणिक मत होतं. फायद्याची मतं प्रामाणिकच असतात.

दाढेतलं सिमेंट मात्र तीनदा सुटलं होतं. चौथ्या खेपेला तो शहापूरला दातांच्या डॉक्टर दर्शनांकडे गेला. गाडीवर बसवून नेलं ते बारकू शेतकऱ्याने, कारण त्याची भाताची चाळीस पोती शेटच्या वजनकाट्यापाशी पडून होती आणि शेटशिवाय काटा हलत नव्हता.

डॉक्टरांनी दाढेची कड टोकरून पाहिली. "काका, भरताना बोलत होतात का?"

बोलणं हाच शेटचा धंदा असल्याचं बारकूने परस्पर सांगून टाकलं.

"मग थुंकी लागली. दात ओला असला की फिलिंग वरून चिकटल्यासारखं दिसतं, पण कडेनं पाणी शिरतं. मग ते हलतं."

"मला सांगता? ओल्या मालाचा भरवसा नाय, ह्ये मी रोज लोकांना सांगतो," शेट म्हणाला.

या वेळी डॉक्टरांनी दाढेभोवती रबराचा पडदा ताणला आणि अर्धा तास गप्प राहायला सांगितलं. दुखलं तर हात वर करायचा.

दात सुकवून पहिला थर लागला, निळा दिवा फिरला, आणि बारकू खुर्चीजवळ सरकला. "शेट, माझा माल आठ दिस वाळवलाय. घट नाय ना धरायची?"

दोन किलो धरणारच, म्हणून शेटने दोन बोटं वर केली. दुखतंय समजून डॉक्टरांनी आणखी एक इंजेक्शन टोचलं. शेटने पुन्हा बोटं उचलली. सुई पुन्हा दिसली, तशी बोटं मुठीत लपवली. बोलावं तर दाढ ओली, गप्प बसावं तर ऐंशी किलो गेले. काट्यावर दाणा चावून वसूल करू, असा हिशेब करून तो पडून राहिला.

"गप हायेत म्हंजे कबूल. डॉक्टरीणबाय, तुमी साक्षीला."

संध्याकाळी गालाचा बधिरपणा उतरला. काट्यापाशी चार माणसं जमली होती. शेटने बारकूचा दाणा दाढेखाली घेतला. कट्. दुसऱ्या पोत्यातला घेतला. कट्. मागे उभ्या असलेल्या बाईजाने काल ओला ठरलेला आपला भात पुढे केला. तो वाजलेला रस्त्यापर्यंत ऐकू गेला.

"शेट," बारकू सावकाश म्हणाला, "मग दोन वरसं वलं काय होतं?"

शेटने जिभेने दाढ चाचपली. "हवा."

"नाय. सिमेंट हलत होतं म्हणून दाणा वाजत नव्हता. दाढ तुमची वली, घट आमची."

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी दाढ तपासली. कड पक्की होती, थेंबभर पाणी शिरायला जागा नव्हती. तुम्ही गप्प राहिलात म्हणून टिकलं, असं त्यांनी कौतुकाने सांगितलं. जिना उतरताना शेटने बेरीज मांडली. पहिल्या तीन सिमेंटांचे पैसे साऱ्या धसईने पोत्यामागे दोन किलोंनी भरले होते. चौथ्याचे एकट्या त्याने भरले, आणि दर 'कट्'मागे अजून भरत होता.