दर्याजीराव बैठक सोडून पृथ्वी पाहावयास गेले, त्याची हकीकत

श्री अन्नपूर्णा चुलीवर प्रसन्न, श्री गजानन उंबरठ्यावर साक्ष, आणि खाली लिहिले ते आम्ही डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकिले, थोडके तोंडानेही केले, ऐसे जाणोन वाचावे. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, वैशाख वद्य पक्ष. संवत्सराने आपले नाव आमच्याच घरी येऊन राखिले, ते कैसे, तर ऐसे.

राज्य थोर. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितले की चौकशी लागते. त्या राज्यात दफ्तरखाना म्हणोन एक जागा, त्या जागेस खिडक्या अठ्ठावीस, पैकी उघडणाऱ्या दोन, आणि त्या दोहोंपुढे कपाटे. रयतेचे अर्ज, तक्रारी, विनंत्या तेथे जमा होतात आणि तांबड्या फडक्यात बांधोन ठेविल्या जातात. त्या गठ्ठ्यास रुमाल म्हणतात. आमचे चिरंजीव दर्याजीराव तेथे रुमालकरी. काम ऐसे जे, पूर्वेच्या दालनातून रुमाल यावा, त्याची धूळ झटकावी, वहीत नंबर चढवावा, गाठ आवळावी, शिक्का मारावा आणि पश्चिमेच्या दालनास द्यावा. मग दुसरा रुमाल. मग तिसरा. मग डबा. मग चौथा. अकरा वर्षे हे महत्कार्य चिरंजीवांनी पार पाडिले, आणि आम्ही साऱ्या पेठेत मान ताठ करोन सांगत असू, की हे राज्य कोणाच्या गाठीवर उभे आहे ते आधी विचारा, मग आमच्या अंगणापुढून जा.

या बैठकीचा, म्हणजे रुमालकऱ्याच्या जागेचा, कायदा असा, की ती घराण्याची. बैठकीबरोबर तटाजवळचे तीन खोल्यांचे घर मिळते. बैठकीवर घरातील कोणीही बसावे, परंतु कामाच्या दिवशी ती रिकामी दिसता नये. रिकामी दिसली तर बैठक सरकारजमा, आणि सांजेपूर्वी घरही सरकारजमा. आमचे सासरे बसले, यजमान बसले, यजमान तर बसल्या जागीच गेले आणि दुपारपर्यंत कोणाच्या ध्यानी आले नाही, इतके काम चोख. ऐशा घराण्यात जन्म घेऊन वैशाखात एके सकाळी चिरंजीव चहाची कपबशी खाली ठेवोन वदले, "आईसाहेब, मी बैठक सोडतो."

आम्ही पुसिले, "सोडतो म्हणजे रजा काढता?"

"राजीनामा देतो."

"आणि करणार काय?"

"पृथ्वी पाहणार."

"कोणाची?"

"सगळी."

"वा! तुमच्या आजोबांनी काशी पाहिली ती साठाव्या वर्षी, आणि येऊन आठ दिवस पाय चेपून घेत पडले. आपण सगळी पृथ्वी पाहणार. कपडे किती नेणार?"

"दोन जोड."

"पृथ्वी एवढी थोरली आणि जोड दोन! मधल्या समुद्रात वाळत घालणार काय?"

चिरंजीव हसले नाहीत. मग आम्ही सूनबाईंकडे मोहरा वळविला. सूनबाई म्हणजे सगुणाबाई, पेठेतील मुलींस शिवण शिकवितात, बोलतात थोडे, पण बोलतात तेव्हा टाका घालून बोलतात. आम्ही म्हटले, "सूनबाई, ऐकता ना आपल्या धन्याचे पराक्रम?" तर त्या म्हणाल्या, "मीच सांगितलं त्यांना, जा म्हणून."

"आपण?"

"हो. घरात आहेत कुठे ते? परवा जेवताना पोळीची घडी घातली, वरून दाबली आणि बांधायला दोरा शोधत होते. तुम्ही समोरच होता, आईसाहेब."

"होतो. आम्हास वाटले, कामात जीव आहे."

"जीव आहे का तेच बघायला जातायत. मीही गेले असते. पण तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ?"

यावर आम्हास उत्तर होते, परंतु भात लागत होता म्हणोन आत गेलो.

मग चिरंजीवांनी जमविलेले पैसे होते ते मोडिले, पाठीस एक पिशवी लाविली, आणि विमान नामे जे उडते गाडगे आहे त्यात बसोन गेले. निरोपास सारे भाऊबंद लोटले, रडावयास नव्हे, पाहावयास. आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "काय हो, वेड लागलं का दर्याजीला?" आम्ही म्हटले, "वेड नव्हे, सुटी आहे. तीन महिन्यांत परत येतील, आणि येऊन त्याच बैठकीवर बसतील, हे आमचे शब्द लिहून ठेवा." त्यांनी मनात लिहून ठेविले, हे आम्ही पाहिले.

आता बैठक रिकामी दिसता नये. सूनबाईंस त्यांचा शिवणवर्ग. मग कोण बसणार? आम्ही दुसरे दिवशी नऊवारी चापून नेसलो, डबा घेतला आणि दफ्तरखान्यात दाखल जाहलो. तेथील मुख्य अंताजीपंत, गृहस्थ सज्जन, तीस वर्षे एकाच खुर्चीवर राहून खुर्चीच्या आकाराचे झालेले. त्यांनी चष्मा वर करोन पुसिले, "बाईसाहेब, आपलं शिक्षण?"

"आकडे येतात, सही येते आणि गाठ मारता येते. आपल्याला याहून जास्ती काय येते?"

पंत विचारात पडले, आणि विचारांती आम्हास बैठक दाखविली.

प्रथम दिवशी आम्ही चिरंजीवांनी बांधिलेले रुमाल पाहिले आणि लाज वाटली. गाठ म्हणावी तर सैल, मेलेल्या माणसाच्या हातची. मग आम्ही आमची गाठ सुरू केली. लोणच्याच्या बरणीच्या तोंडावर फडके बांधितो ती, दुहेरी पीळ देऊन शेपूट आत खुपसलेली. ही आमच्या सासूबाईंची, त्यांनी आम्हास दिली, घराबाहेर कोणास येत नाही, आणि कोणी सोडिली तर परत तैशी बसत नाही. आम्ही एकेका रुमालास ऐसे आवळिले की पश्चिमेच्या दालनास कळावे, आता बैठकीवर कोण आहे. रोज चाळीस रुमाल. धूळ, नंबर, गाठ, शिक्का. चार दिवसांत मनगट भरोन आले, आठ दिवसांत खिडक्या मोजोन संपल्या, दहाव्या दिवशी आम्ही खिडक्या उलट्या मोजिल्या.

तिकडे चिरंजीवांची खबर हातातील काचेच्या पाटीवर येत असे. एकदा डोंगर दाखविला. आम्ही म्हटले, "छान, डोंगर येथे नव्हतेच." एकदा बर्फ दाखविला, आणि त्यात स्वतः गुडघाभर उभे, नाक लाल. आम्ही म्हटले, "पृथ्वीने सर्दी दिली काय?" एकदा कोण्या बंदरात मासे उतरवीत होते, परक्या माणसांबरोबर, बाह्या वर करोन, आणि काहीतरी ऐकून मोठ्याने हसत होते. ते चित्र सूनबाईंनी आम्हापुढे फार वेळ धरिले. आम्ही म्हटले, "दात पिवळे पडले आहेत." परंतु ऐसे हसताना त्यांस आम्ही केव्हा पाहिले होते ते आठवू लागलो, आणि मुंजीपर्यंत मागे गेलो.

मग एकोणिसाव्या दिवशी काय जाहले, तर पूर्वेच्या दालनातून रुमाल आला, नंबर तीनशे बारा, आणि त्यावर आमची गाठ. दुहेरी पीळ, शेपूट आत. वर आमच्याच हळदीच्या बोटाचा डाग. आम्ही रुमाल उचलोन पंतांपुढे ठेविला.

"पंत, हा आम्ही पहिल्या दिवशी पश्चिमेस दिला होता."

"बरोबर."

"तेथे उघडिला नाही?"

"उघडायचा कशाला? तिथे नोंद होते."

"मग?"

"मग उत्तरेच्या दालनात जातो. तिथेही नोंद होते. मग पूर्वेला."

"मग?"

"मग आपल्याकडे."

"आणि वाचतात कोठे?"

पंतांनी चष्मा काढला, पुसला, घातला. म्हणाले, "बाईसाहेब, इतकी वर्षं झाली, हा प्रश्न कोणी विचारला नाही. नाही म्हणायला दर्याजीरावांनी एकदा विचारला होता. पहिल्याच वर्षी."

"मग आपण काय सांगितले?"

"चहा सांगितला."

आम्ही बैठकीवर परत आलो आणि गाठ आमचीच म्हणोन आम्हीच सोडिली. आत सर्वांत वरचा अर्ज ऐसा, की दफ्तरखान्याच्या खिडक्या उघडत नाहीत, सबब सुतार धाडावा. खाली सही पंतांच्याही आधीच्या मुख्यांची. कागद तपकिरीसारखा भुगा होत होता. सासरे, यजमान आणि चिरंजीव, तीन पिढ्यांनी हा सुतार अठ्ठावीस खिडक्यांच्या आत गोल गोल फिरविला, आणि आम्ही त्या जोरावर पेठेत मान ताठ ठेविली. चिरंजीवांस पहिल्या वर्षी कळले, आणि मग दहा वर्षे ते आम्हाकरिता गाठी मारीत राहिले, हे आम्हास त्या दिवशी उमजले. परंतु हे सांगावे कोणास? जाऊबाईंस? आम्ही रुमाल पुन्हा बांधिला, शिक्का मारिला, पश्चिमेस दिला आणि घरी जाऊन म्हटले, "आज काम फार होते."

ऐसे तीन महिने झाले, आणि सहा, आणि नऊ. पेठेत बायका आम्हास मोठ्या मायेने पुसू लागल्या, "दर्याजी आला का हो?" आम्ही तितक्याच मायेने सांगत असू, "पृथ्वी तुमच्या अंगणाहून थोडी मोठी निघाली." दर अठरा कामाच्या दिवसांनी आमच्या गाठी आम्हास भेटावयास येत, आणि आम्ही बसत होतो, कारण बैठक राखणे म्हणजे चिरंजीवांस परत यावयास जागा राखणे, ऐसेच मनास बजावीत होतो.

मग फाल्गुनात त्यांचे पत्र आले. जाऊबाईंनीच परोपकार करोन आमचे बैठकीवरील चित्र त्यांस धाडिले होते, आम्ही धुळीत, डोळ्यांवर चष्मा, हाती रुमाल. सूनबाईंनी पत्र वाचिले ते ऐसे: "आईसाहेब, आपणांस त्या जागी पाहिले आणि घास उतरेना. माझे ओझे आपण या वयात वाहता. पुष्कळ पाहून झाले. महिनाअखेर येतो आणि बैठकीवर बसतो. तोवर राखून ठेवावी." आम्ही ते दोनदा वाचवून घेतले. सूनबाई म्हणाल्या, "झालं तुमच्या मनासारखं. येतायत." आणि खाली मान घालून झंपराची काठशिलाई करू लागल्या. आम्ही पाहिले, सुईत दोरा नव्हता.

आता येथे ध्यानी घ्यावे, की आमचा जय जाहला होता. भाकीत सहा-सात महिने मागेपुढे, परंतु खरे. दुसरे दिवशी पेठेतून नुसते एकदा चालत गेलो असतो, तरी साऱ्या जणींची तोंडे शिवली गेली असती. तो जय आम्ही डब्याबरोबर उचलिला आणि दफ्तरखान्यात गेलो, आणि पंतांस म्हटले, "कागद द्या. आम्ही बैठक सोडितो."

पंत खुर्चीतून अर्धे उठले, तीस वर्षांत प्रथमच. "बाईसाहेब, घर जाईल!"

"जाईल."

"तीन पिढ्यांचं घर! आणि आता तर चिरंजीव येतायत ना?"

"म्हणोनच."

पंतांनी लेखणी उचलली. "कारण काय लिहू? रकाना आहे, रिकामा सोडता येत नाही."

"लिहा, बाईसाहेबांस काम कळले."

त्यांनी लिहिले, नंबर चढविला, आणि आमचा राजीनामाही कोण्या रुमालात बांधावयास धाडिला. तो बहुधा आणखी कोणी वाचलेला नाही. सांजेपूर्वी आम्ही घर खाली केले. तेलघाण्याच्या वर दोन खोल्या मिळाल्या, भिंतीस हात लाविला तर डोकीस तेल लावावयास नको. तेथे बसोन आम्ही स्वहस्ते पत्र लिहिले. आमचे अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक, तरी मजकूर स्पष्ट. "चिरंजीव दर्याजीराव यांस आशीर्वाद. पत्र पावले. बैठक आम्ही मोडिली, घर सरकारात गेले, तेव्हा येऊन बसाल कोठे? पंतांनी तुम्हास चहा सांगितला होता हे आम्हास कळले. ते तुम्ही आम्हास अकरा वर्षांत सांगितले नाही, याचा राग आहे आणि राहील. पृथ्वी सगळी पाहतो म्हणोन गेला होता. आमच्या माहितीप्रमाणे पुष्कळ उरली आहे. अर्धे काम टाकून घरी येणे आमच्या घराण्यात नाही. येऊ नये. सगुणाबाईंस धाडीत आहो. त्यांस थंडी सोसत नाही, बर्फात उभे करोन चित्रे काढू नयेत."

हे वाचोन सूनबाई म्हणाल्या, "आणि तुम्ही? एकट्या?"

"आम्ही काय कुक्कुलं बाळ आहो?"

"आजारी पडलात तर?"

"तर आजारी पडू. त्याला दोघी लागत नाहीत. शिवणाचे यंत्र पोरींस देऊन टाका आणि पेटी भरा."

त्या निघाल्या त्या दिवशी पाया पडोन उठल्या नाहीत लवकर. आम्ही म्हटले, "उठा, विमान आपल्या सासरचे नव्हे, थांबायला." मग उठल्या आणि गेल्या. जाऊबाई जिन्याशी होत्याच. म्हणाल्या, "काय हो, मुलगा यायचा होता, उलट सूनही गेली?" आम्ही म्हटले, "हो. तुमचे सगळे घरीच आहेत ना? छान. त्यांस खिडकी दाखवा."

एकूण मतलब ऐसा. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु संवत्सराचा माघ चालू असे. राज्य होते तैसेच आहे, त्यास काही जाहले नाही. बैठकीस नवे घराणे मिळाले, ते पेठेतून मान ताठ करोन चालते, आणि आम्ही त्यांस काही सांगत नाही. उभयतांची चित्रे येतात, दोघेही उन्हाने रापले आहेत. आणि आमचे दर्याजीराव, ज्यांनी दूध म्हटले तर ताक मागितले, उजवीकडे म्हटले तर डावीकडे गेले, जन्मात मातेचा एक शब्द ऐकिला नाही, त्यांनी आम्ही येऊ नये लिहिले ते मात्र पाळिले आहे. वर्ष होत आले. इतके आज्ञाधारक निघतील, ऐसे आम्हास वाटले नव्हते.